मांडव उतरवताना: हाइड पार्क १८५१, फैजपूर १९३६ आणि आमची पडलेली बाग

आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. ऐकताना नावं निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, त्यामुळे यावेळी नावं आणि सालं जरा नीट लिहिली आहेत.

सुरुवात एका भंगारवाल्यापासून करू.

मागच्या उन्हाळ्यात शेवगावातल्या एका छोट्या बागेत आम्ही सात-आठ मित्रांनी मुलांसाठी सावलीचा मंडप उभारला होता. सुट्टीपुरता, दीड महिन्यासाठी. तिथं पुस्तकं ठेवायची, दुपारी मुलांनी येऊन बसायचं, एवढाच बेत. आणि सगळं टाकाऊ सामानातून करायचं. पाण्याच्या सातशे-आठशे प्लास्टिक बाटल्या गोळा केल्या. खालच्या बाटल्यांत वाळू भरून त्या सिमेंटमध्ये बसवल्या, वरच्या तारेनं बांधल्या, सांधे ग्लूनं चिकटवले आणि सगळ्यावर रंगाचा स्प्रे मारला. डिझाइन माझं. मी पुण्यात कोड लिहितो, बीटेकला असताना एक सेमिस्टर मेकॅनिक्स होतं, तेवढ्या भांडवलावर. फोटो मात्र भारी आले. स्टेटसला सगळ्यांनी ठेवले.

अकराव्या दिवशी रात्री वळवाचा पाऊस आला, त्याच्या आधी वारा. सकाळी मंडप आडवा झालेला. रात्रीची वेळ, म्हणून कुणाला लागलं नाही. हे वाक्य मी सहज लिहितोय, पण त्या सकाळी तिथं उभं राहून दुपारी चारला तिथं किती मुलं बसतात हे मोजलं होतं, आणि पाय थरथरले होते.

मग भंगारवाल्याला बोलावलं. प्लास्टिकच आहे, घेऊन जाईल, चार पैसे येतील असं वाटलं. त्यानं एक बाटली उचलली, सिमेंट पाहिलं, ग्लू पाहिला, रंग नखानं खरवडून पाहिला आणि म्हणाला, "दादा, हा माल नाही. हा कचरा झालाय आता."

म्हणजे ज्या बाटल्या रस्त्यावर पडलेल्या असताना विकल्या गेल्या असत्या, त्या आमच्या हातून गेल्यावर कुणीही घेईना. ट्रॉलीभर ढीग शेवटी आम्हीच पैसे देऊन हलवला.

त्यानंतर मी वाचायला लागलो. तात्पुरती इमारत, तीही बागेत, हा काही आमचाच शोध नव्हता. जगातली सगळ्यात गाजलेली तात्पुरती इमारत एका बागेतच उभी राहिली होती. तिची गोष्ट वाचताना मला राहून राहून आमच्याकडचे मंडपवाले आठवत होते.

साल १८५०. लंडनमध्ये जगभरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं आणि जागा होती हाइड पार्क. लोक आधीच चिडलेले होते, कारण ती फिरायची बाग. तिथं एकदा इमारत झाली की ती हटणार नाही, झाडं जातील, अशी भीती होती. इमारतीसाठी स्पर्धा घेतली, २४५ डिझाइनं आली, समितीनं एकही निवडलं नाही. मग समितीनं स्वतःच एक आराखडा केला. विटांची प्रचंड इमारत आणि वर अवाढव्य घुमट. आता विचार करा, सहा महिन्यांच्या प्रदर्शनासाठी दीड कोटीच्या आसपास विटा बागेत रचायच्या आणि नंतर त्या काढायच्या. लोक आणखी भडकले.

इथं जोसेफ पॅक्स्टन नावाचा माणूस येतो. मूळचा माळी. चॅट्सवर्थला एका ड्यूकच्या बागा सांभाळायचा, तिथं त्यानं झाडांसाठी काचेची घरं बांधली होती. जून १८५० मध्ये रेल्वेच्या एका मीटिंगमध्ये बसल्याबसल्या त्यानं शाई टिपायच्या कागदावर एक रेघोट्यांचं चित्र काढलं. कंटाळवाण्या मीटिंगमधून जन्मलेलं हे जगातलं सगळ्यात मोठं काम असावं. लोखंड, लाकूड आणि काच, बाकी काही नाही. १ मे १८५१ ला प्रदर्शन उघडलं तेव्हा जागा ताब्यात मिळून जेमतेम नऊ महिने झाले होते आणि १८४८ फूट लांबीचा काचमहाल उभा होता. क्रिस्टल पॅलेस. बागेतली मोठी झाडंसुद्धा आतच ठेवली, छत त्यांच्यावरून नेलं.

हे जमलं कसं? पॅक्स्टननं आधी काचेचं माप धरलं. त्या काळी सहज बनणारी काच साधारण ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. मग बाकीची सगळी मापं तिच्या मागून आली. जवळपास तीन लाख काचा, सगळ्या एकाच मापाच्या. खांबही ठरावीक मापाचे, आतून पोकळ, म्हणजे छतावरचं पावसाचं पाणी खांबातूनच खाली जायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच कंपोनंट लिहायचा आणि तीन लाख वेळा वापरायचा.

पण मला थांबवलं ते दोन वेगळ्याच गोष्टींनी.

पहिली. बांधकामाभोवती लाकडी फळ्यांचं कुंपण घातलं होतं. काम संपत आल्यावर त्याच फळ्या काढून आतली जमीन केली. कुंपण उभारतानाच ठरलेलं होतं की ही उद्याची फरशी आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. ठेकेदार फॉक्स अँड हेंडरसन कंपनीनं दोन भाव दिले होते. सामान प्रदर्शनवाल्यांना कायमचं हवं असेल तर दीड लाख पौंड. प्रदर्शन संपल्यावर सामान ठेकेदार परत नेणार असेल तर ७९,८०० पौंड. जवळजवळ निम्मा. समितीनं दुसरा भाव घेतला.

हा मंडपवाल्याचाच हिशोब आहे की नाही सांगा! आपण लग्नात मंडपवाल्याला बांबूचे, कनातीचे, खुर्च्यांचे पूर्ण पैसे देतो का? भाडं देतो. कारण उद्या तोच बांबू दुसऱ्या दारात उभा राहणार असतो. म्हणून तो बांबूला खिळा मारू देत नाही. काथ्याची दोरी वापरतो आणि गाठ अशी मारतो की उतरवताना एका हिसक्यात सुटली पाहिजे. ग्लूचं तर नावच काढू नका.

ऑक्टोबर १८५१ मध्ये प्रदर्शन संपलं. तोवर साठ लाखांच्या आसपास भेटी झाल्या होत्या. आत आपला कोहिनूरही होता. दोनच वर्षांपूर्वी पंजाब जिंकून नेलेला आणि पिंजऱ्यात ठेवलेला. त्यावर वेगळा एपिसोड होईल. मुद्दा असा की काचमहाल खरंच उतरवला. हाइड पार्क पुन्हा बाग झाली. सामान लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला गेलं आणि त्यातून, भर घालून, आणखी मोठी इमारत १८५४ मध्ये उभी राहिली. आता मात्र ती तात्पुरती राहिली नव्हती. लोकांना तिची सवय झाली, मालकांना देखभालीचा खर्च परवडेना, आणि ८२ वर्षांनी, ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री ती जळून गेली.

ही तारीख लक्षात ठेवा. ३० नोव्हेंबर १९३६.

कारण नेमक्या त्याच दिवसांत आपल्या खानदेशात, फैजपूरला, बांबूचं एक अख्खं नगर उभं राहत होतं.

फैजपूर आज जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात. सातपुड्याच्या पायथ्याचा, केळीचा पट्टा. तेव्हा पूर्व खानदेश म्हणायचे. काँग्रेसची अधिवेशनं तोवर मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ अशा शहरांत व्हायची. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशन खेड्यात घ्या. मान महाराष्ट्राला मिळाला आणि गाव ठरलं फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. स्थानिक पातळीवर सगळा भार उचलणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आज फैजपुरात आहे. महाराष्ट्र काँग्रेसची धुरा शंकरराव देवांकडे. आणि साने गुरुजी या अधिवेशनासाठी खानदेशात गावोगाव फिरले होते.

आता प्रश्न असा की खेड्यात एवढ्या लोकांना बसवायचं कुठं? हॉल नाही, हॉटेल नाही. शेतात नगर वसवायचं. त्याला नाव दिलं टिळकनगर. आणि ते डिझाइन करायला गांधीजींनी बोलावलं कुणाला, तर शांतिनिकेतनच्या कलाभवनचे प्रमुख, चित्रकार नंदलाल बोस यांना. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनातलं प्रदर्शन त्यांनी सजवलं होतं. पण अख्खं नगर म्हणजे फारच झालं. मी चित्रकार, बांधकाम हा माझा विषय नव्हे, असं त्यांना वाटत होतं. गांधीजींनी ऐकलं नाही. त्यांना हवं काय ते समजावून सांगितलं आणि पुढचं त्यांच्यावर सोपवलं. जोडीला वास्तुरचनाकार म्हात्रे होते. यांचं नाव हल्ली कुणी घेत नाही, पण गांधीजींनी २५ डिसेंबरला प्रदर्शनाचं उद्घाटन करताना भाषणात दोघांची नावं बरोबरीनं घेतली होती.

जरा विषयांतर. गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळच्या सेगावात राहायचे. त्या नावाचा शेगावशी इतका घोळ व्हायचा, टपाल इतकं चुकायचं, की १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम केलं. मी शेवगावचा म्हटल्यावर "अरे वा, गजानन महाराज!" असं वर्षातून पन्नास वेळा ऐकणाऱ्या माणसाला हे दुःख बरोबर कळतं.

तर फैजपूर. अट एकच होती. सामान इथलं, हात इथले. नंदलालांनी तेच केलं. बांबू, चटया, गवत, लाकूड. कमानी, प्रदर्शनाचे मांडव, राहायच्या झोपड्या सगळं त्यातून. नेहरूंच्या मिरवणुकीसाठी रथ केला तोही बैलगाडीलाच सजवून, बैल जुंपून. गांधीजींनी उद्घाटनाच्या भाषणात याच गोष्टीचं कौतुक केलं की नंदबाबूंनी सगळी उभारणी स्थानिक सामान आणि स्थानिक मजूर यांच्यावरच केली. २७ आणि २८ डिसेंबरला अधिवेशन झालं, शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम तिथं मंजूर झाला आणि टिळकनगराचं काम संपलं.

लंडनमध्ये त्या वेळी सिडनहॅमच्या टेकडीवर वितळलेल्या काचेचा आणि वाकलेल्या लोखंडाचा ढिगारा होता. दोन्हींत एका महिन्याचंसुद्धा अंतर नाही.

यातून इंग्रज वाईट आणि बांबू चांगला असा सोपा धडा काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही. पॅक्स्टनची मूळ इमारत माझ्या मते उतरवण्याच्या दृष्टीनं फार हुशार होती. फसली ती नंतर, ती कायमची करायला गेल्यावर. आणि फैजपूरला 'रिसायकल' म्हणणंही खरं तर बरोबर नाही. बांबू नवा असू शकतो, चटई नवी असू शकते. पण एक गोष्ट आहे. चटई मांडवाला लागायच्या आधी चटईच होती आणि मांडवातून काढल्यावरही चटईच. बांबू तोच, लाकूड तेच. आमच्या बाटल्यांचं उलटं झालं. आम्ही त्यांचं असं काही करून ठेवलं की त्या परत बाटल्या होऊ शकत नव्हत्या आणि प्लास्टिकचा मालही होऊ शकत नव्हत्या. भंगारवाल्याला एकजात माल लागतो. पीईटीला सिमेंट चिकटलं की त्याचा धंदा संपला.

चौदा महिन्यांनी नंदलालांनी हेच पुन्हा केलं. फेब्रुवारी १९३८, गुजरातेत हरिपुरा, अध्यक्ष सुभाषबाबू. पुन्हा तापीचंच खोरं. तिथल्या मांडवांसाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातल्या कामकऱ्यांची चित्रं केली, सुमारे चारशे. लोहार, शेतकरी, वाजंत्री, कुस्ती खेळणारे. तीच 'हरिपुरा पोस्टर्स' म्हणून प्रसिद्ध झाली आणि त्यातली बरीच आज दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. मांडव गेला, चित्रं राहिली. कारण ती सुटी होती. भिंतीवर काढली असती तर भिंतीबरोबर गेली असती.

आता शेवगावात परत येऊ. हे सगळं मला लंडन-फैजपूर करत शोधावं लागलं, पण आमच्याकडे दर हिवाळ्यात तात्पुरत्या घरांची अख्खी वस्ती उभी राहते आणि उतरते. साखर कारखान्यांच्या भोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या. बांबूच्या कामट्या वाकवून कमान करायची, वर तट्ट्या, पाचट, आता बहुतेक ठिकाणी ताडपत्री किंवा जुना फ्लेक्स. दोन माणसं थोड्या वेळात उभी करतात आणि हंगाम संपला की गाडीत घालून घेऊन जातात. इंजिनिअर म्हणून मला ती कमान आवडते. वाऱ्याला तोंड देते, सामान कमी लागतं. पण तिथं पाच-सहा महिने लेकरांसकट राहायचं असतं. थंडीत, चुलीच्या धुरात, पावसाचा एखादा सडाका आला तर चिखलात. म्हणून कोपीला 'इको-फ्रेंडली डिझाइन' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग येतो. गांधीजींनी बांबू निवडला होता. कोपीतल्या माणसाला निवड मिळालेली नाही. कमान शिकायची असेल तर त्यांच्याकडून शिकावी, पैसे देऊन.

जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये जी घरं उभारली, त्यांचं छत पाहिलं तर तुम्हाला कोपीच आठवेल. बांबूच्या चिरलेल्या कामट्यांची कमान, त्यावर विणलेली चटई, मधे ताडपत्री. भिंती कागदाच्या जाड नळ्यांच्या. आणि पाया? पडलेल्या घरांच्याच राडारोड्याचा. त्याआधी १९९५ मध्ये कोबेच्या भूकंपात त्यांनी पायाला बिअरचे रिकामे क्रेट वापरले होते, आत वाळूच्या पिशव्या. तिथलंच त्यांचं कागदी नळ्यांचं चर्च दहा वर्षांनी सुटं करून तैवानला नेलं आणि २००८ मध्ये तिथं पुन्हा उभं केलं. कागदाची इमारत, आणि समुद्र ओलांडून गेली!

आणि अलीकडचं, २०१७ चं. नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन शहर. नऊ दिवसांच्या डिझाइन महोत्सवासाठी त्यांनी 'पीपल्स पॅव्हेलियन' बांधला, तोही जवळपास सगळा उसन्या सामानातून. लाकडी तुळया उसन्या, काँक्रीटचे खांब उसने, छताची काच ग्रीनहाऊसवाल्यांकडून उसनी. उसनं म्हणजे परत द्यायचं, तेही जसंच्या तसं. त्यामुळे भोक पाडायचं नाही, करवत लावायची नाही, खिळा नाही, स्क्रू नाही, ग्लू नाही. मग जोडलं कशानं? ट्रकवर माल आवळायला जे पट्टे असतात, त्या पट्ट्यांनी. बाहेरून लावलेल्या रंगीत प्लास्टिकच्या टाइल्स तेवढ्या नव्या, त्याही शहरातल्या लोकांच्या घरच्या प्लास्टिक कचऱ्यातून केलेल्या.

हे वाचल्यावर मी आमच्या मंडपवाल्या काकांकडे गेलो आणि त्यांना पट्ट्यांचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "मग यात नवीन काय केलं त्यांनी?" मी गप्प.

तसं पाहिलं तर आपल्या भाषेतच हे पडलेलं आहे. मोठ्या संस्थेची, कारखान्याची सुरुवात झाली की आपण 'मुहूर्तमेढ रोवली' म्हणतो. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. चार दिवसांनी उपटायचा खांब! आणि मांडवडहाळे? लग्नाच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून आंब्याच्या, जांभळाच्या, उंबराच्या फांद्या वाजत-गाजत आणायच्या आणि मांडवावर टाकायच्या. सुकल्या की चुलीत किंवा उकिरड्यावर. माझ्या आजोबांच्या लग्नात होते. माझ्या चुलतभावाच्या लग्नात थर्माकोलचे खांब होते, २०१८ च्या बंदीच्या आधी. ते लग्नानंतर दोन पावसाळे आमच्या गोठ्यामागे पडून होते, पांढरे मणी होऊन नाल्यापर्यंत गेले.

या उन्हाळ्यात आम्ही बागेत पुन्हा मंडप करतोय. यावेळी मी चित्र शेवटी काढलं. आधी वहीत तीन रकाने केले: वस्तू, कुणाची, परत कधी. बांबू आणि काथ्या मंडपवाल्या काकांचा, उभारायला त्यांचीच दोन माणसं, मजुरी देऊन. भाजीचे प्लास्टिक क्रेट ओळखीच्या आडत्याकडून. त्यांत वाळूच्या गोण्या ठेवून खांबांना वजन, म्हणजे खड्डे नाहीत आणि सिमेंटही नाही. तट्ट्या विकत, नंतर एकाच्या गोठ्याला जाणार, त्याचं नाव आत्ताच लिहिलंय. बसायला बाकं नाहीत, उलटे क्रेटच. सावलीला जुन्या साड्या, दुहेरी. वारा सुटायची चिन्हं दिसली की साड्या ओढून घ्यायच्या, शिडाच्या बोटीसारख्या, म्हणून त्या बांधल्यात सरकगाठीनं. ही गाठ शिकायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आणि काकांची एक अट: वारा जास्त असेल त्या दिवशी मंडप बंद, मुलं घरी. ती अट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

साड्या घरोघरून येतायत. आईनं तिच्या तीन काढून ठेवल्यात, एकीला सेफ्टी पिननं चिठ्ठी लावून: 'ही परत पाहिजे.' तिसऱ्या रकान्यात तसं लिहिलंय.

तुमच्या गावात मांडवडहाळ्यांची पद्धत अजून असेल तर व्हॉइस नोट पाठवा, कुठली फांदी आणतात तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला.